बारवेची भिंत

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या गावच्या तरुण मंडळींनी एक चांगले काम केले आणि ते करताना एक भिंत पाडली.

गावाच्या पूर्वेला एक जुनी बारव आहे. ती अहिल्याबाईंनी बांधली असे गावात सांगतात. आणि आपल्याकडे ज्या गावाला बारव असते त्या गावाला अहिल्याबाईंची आठवणही असतेच. कित्येक वर्षे या बारवेत बाभळी माजल्या होत्या, कबुतरे राहत होती आणि शाळा चुकविणारी पोरे पत्ते कुटीत होती. मुलांनी दोन महिने खपून गाळ उपसला, झुडपे तोडली, कोनाडे घासून धुतले आणि पायऱ्यांच्या तोंडाशी जी एक ओबडधोबड भिंत होती ती घणाने फोडून काढली. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी पायरीपायरीवर पणत्या लावावयाच्या असे ठरले. मग दोघे-तिघे माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही इतिहास शिकविता, कादंबऱ्याही लिहिता. बारवेची माहिती दहा ओळींत लिहून द्या. फलक लावायचा आहे."

मी आनंदाने लिहून दिली. शेवटची ओळ मला फार आवडली होती. ती अशी होती : 'मध्यंतरीच्या काळात अज्ञानामुळे या वारशाच्या तोंडाशी भिंत घालण्यात आली होती.' रात्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी सगळा मजकूर घरच्यांना मोठ्याने वाचून दाखविला. आत्या अनारसे तळत होती. तिने मान न वळविताच विचारले,

"अज्ञानामुळं? त्या भिंतीचा पहिला दगड कुणी ठेवला, ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होते. तो दगड माझ्या आजोबांनी ठेवला होता. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि त्यांच्या धोतराचा सोगा धरून तेथे उभा होतो. पुढे चार पुस्तके वाचली, चार लिहिली आणि त्या नादात हे विसरलो. आत्या उठली, झारा ठेवला आणि डबा आणावयास आत गेली. तिचा उजवा पाय घोट्यात वाकत नाही. जन्मभर ती पाय आखडून चालत आली आहे, आणि तिच्या त्या चालीची आम्हाला इतकी सवय झाली आहे की ती लंगडते हे आमच्या ध्यानातही येत नाही. त्या रात्री मात्र आले.

माझी पुतणी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. सुट्टीला येताना तिने पुस्तकांची पिशवी आणली होती. परीक्षा दिवाळीनंतर लगेच होती. ती म्हणाली, "काका, नारू आमच्या पुस्तकात आहे. सूक्ष्मजंतू आणि परोपजीवी कृमी, त्या धड्यात. पण बाईंनी सांगितलंय, हा भाग नुसता वाचून ठेवा, आता आपल्या देशात नारू उरलेला नाही."

उरलेला नाही हे खरेच आहे. परंतु जे उरले नाही ते कसे गेले, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. त्या रात्री मी फलकाचा कागद फाडून टाकला. त्याऐवजी हा लेख लिहीत आहे. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकला संपले. जे येथे शास्त्राचे आहे ते पुतणीच्या पुस्तकातून आणि इतर चार पुस्तकांतून घेतलेले आहे. जे घरचे आहे ते आत्याने सांगितलेले आहे.

प्रथम हा नारू म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आज तिशीच्या आतल्या वाचकाने तो शब्द ऐकलाही नसेल. नारू हा एक कृमी आहे. त्याची मादी सुतळीएवढी जाड, पांढरी आणि दोन-अडीच फूट लांब असते. ती माणसाच्या कातडीखाली राहते, बहुधा पायात. बाहेर यावयाची वेळ झाली की पायावर एक फोड येतो. त्या फोडाची आग अशी असते की माणूस पाय पाण्यात घालावयास धावतो. आणि नारूला नेमके तेच हवे असते. पाणी लागले की फोड फुटतो, मादीचे तोंड बाहेर येते आणि ती आपली लक्षावधी पिल्ले त्या पाण्यात सोडते. पिल्ले इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत.

ही पिल्ले आपली आपण काही करू शकत नाहीत. साचलेल्या पाण्यात मोहरीच्या दाण्याहूनही लहान, झटके देत पोहणारी एक पाणपिसू असते. तिला एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून तिला सायक्लॉप्स हे नाव मिळाले. ती नारूची पिल्ले खाते. तिच्या पोटात ती साधारण दोन आठवडे वाढतात. अशी पाणपिसू पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेली की जठरातल्या आम्लाने ती मरते, पिल्ले मोकळी होतात, आतड्याची भिंत ओलांडतात आणि शरीरात शिरतात. नर-मादीचे मीलन झाले की नर मरून जातो. मादी हळूहळू वाढत पायाकडे सरकते. जवळजवळ एक वर्ष माणसाला काहीच कळत नाही. वर्षाने फोड येतो. म्हणजे या वैशाखात प्यालेले पाणी पुढच्या वैशाखात पायातून बाहेर पडते. हे एक वर्षाचे अंतर वाचकांनी लक्षात ठेवावे. आमच्या घराची सारी कथा त्या एका वर्षात आहे.

हा रोग फार जुना. इजिप्तमधील एका किशोरवयीन मुलीच्या ममीत चुन्यासारखा घट्ट झालेला नारू सापडला आहे. ती ममी इंग्लंडात मँचेस्टर येथे आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या वैद्यकीय लेखात कृमी काडीवर गुंडाळून काढण्याचा उपाय असावा, असे जाणकार मानतात. आपल्या जुन्या वैद्यकात याला 'स्नायुक' म्हटले आहे, कारण तो स्नायूच्या तंतूसारखा दिसतो. अरब वैद्यांनी त्याला मदिनेची शीर म्हटले आणि त्यावरून त्याच्या शास्त्रीय नावात मदिना शिरली. नाव कोठलेही असो, उपाय सर्वत्र एकच होता : तोंड बाहेर आले की ते काडीला गुंडाळावयाचे आणि रोज थोडेथोडे, बोट-दोन बोटे ओढावयाचे. कधी महिना लागे. घाई केली आणि नारू आत तुटला तर पाय सुजे, पिकत जाई, आणि सांध्याशी तुटला तर सांधाच आखडे.

रोग जुना, उपाय जुना. पण तो येतो कोठून हे हजारो वर्षे कोणाला कळले नाही. कोणी म्हणे रक्त बिघडते, कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे कातडीतून शिरतो. उलगडा केला तो एका तरुण रशियन संशोधकाने. अलेक्सी फेदचेन्को त्याचे नाव. १८७० च्या सुमारास तो समरकंदच्या बाजूला फिरत होता. तेथील लोक तळ्याचे पाणी पीत आणि नारूने बेजार असत. त्याने नारूची पिल्ले पाण्यात सोडली, त्या पाण्यात पाणपिसवा होत्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दिसले की पिल्ले त्यांच्या शरीरात जाऊन बसतात व तेथे बदलतात. नारू पिण्याच्या पाण्यातून येतो, हे त्याने सांगून टाकले. १८७३ साली आल्प्समधल्या मॉं ब्लां या पर्वतावर तो मरण पावला. तिशीही गाठली नव्हती.

पुढे लायपर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेत पुढचे पाऊल टाकले. जठरात असते तसल्या सौम्य आम्लात पाणपिसू मरते आणि तिच्या पोटातले पिल्लू मात्र जागे होऊन वळवळू लागते, हे त्याने दाखविले. एका माकडाला त्याने केळ्यातून अशा पाणपिसवा खाऊ घातल्या आणि सहा महिन्यांनी त्याच्या शरीरात नारू सापडले. हे १९०७ च्या आसपासचे.

परंतु माकड ते माकड. माणसाचे काय? त्याचे उत्तर आपल्या मुंबईत मिळाले. परळच्या जुन्या गव्हर्नरांच्या बंगल्यात प्लेगच्या दिवसांत हाफकिन यांची प्रयोगशाळा आली होती. आज तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. तेथे डॉक्टर ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड काम करीत. १९१३ च्या सुमारास त्यांनी, स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांना नारूची पिल्ले असलेल्या पाणपिसवा पाण्यातून पाजल्या, आणि यथावकाश त्या माणसांना नारू झाला. आता शंकेला जागा उरली नाही. नारू पाण्यातून येतो, पाणपिसवेतून येतो, आणि पाणपिसू डोळ्यांना दिसण्याएवढी असल्यामुळे साध्या दाट फडक्यातूनही ती गाळली जाते. पाणी गाळून प्या आणि नारू झालेल्याला पाण्यात उतरू देऊ नका, एवढे केले की संपले. औषध नको, लस नको.

पुतणीला मी येथे थांबविले आणि म्हटले, "मग सांग, परळला हे १९१३ साली कळले आणि तुझ्या आत्याआजीला १९८४ साली नारू का झाला?"

ती गप्प राहिली. हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

आमचे गाव परळपासून काही चंद्रावर नाही. पण कळणे आणि पोहोचणे यांच्यात जे अंतर असते ते मैलांत मोजता येत नाही. गावात पाण्याच्या तीनच जागा होत्या. नदी माघापर्यंत आटे. पाटलांची विहीर पाटलांची होती. उरली बारव. पावसाळ्यात ती काठोकाठ भरे. उन्हाळ्यात पाणी खाली खाली जाई आणि बायका एकेक पायरी उतरत जात. वैशाखात तळाशी कमरेएवढे पाणी राही, हिरवट आणि कोमट. पाय घोट्यापर्यंत पाण्यात बुडवून कळशी बुचकळावी लागे. ज्याच्या पायाला फोड असेल त्याचाही पाय त्याच पाण्यात. पाणी जितके थोडे, तितक्या पाणपिसवा दाट. नारूला याहून सोयीची जागा कोणी बांधून देऊ म्हटले तरी जमले नसते. ज्यांनी बारव बांधली त्यांनी पुण्यच केले. गुरांना, वाटसरूंना, म्हाताऱ्यांना पाण्यापर्यंत चालत जाता यावे म्हणून पायऱ्या केल्या. त्या पुण्याच्या पायऱ्यांवरून हा कृमी खाली उतरत होता.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. दलित वस्तीतल्या बायकांना त्या काळीही बारवेत उतरू देत नसत. कायदा होऊन वर्षे लोटली होती, पण पायऱ्यांवर कायदा उतरला नव्हता. त्या काठावर घागरी मांडून बसत आणि कोणी वरून ओतील ते पाणी नेत. विटाळ होऊ नये म्हणून ही व्यवस्था. पण ओतलेल्या पाण्यातून नारू मात्र दोन्हीकडे सारखाच जाई. आमच्या आळीत जेवढे पाय गुंडाळलेले असत तेवढेच त्यांच्याही आळीत.

१९८३ च्या वैशाखात आजोबांच्या पिंढरीवर फोड आला. पेरणीपूर्वीची कामे पडलेली, आणि घरचा कर्ता पुरुष खाटेवर. हिंग आणि गूळ खाऊन झाला, धोत्र्याची पाने बांधून झाली. आग थांबेना. तेव्हा आजोबा काठी टेकत बारवेवर जात आणि तिन्हीसांजेला खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसत. आत्या त्यांना धरून नेई. ती चौदा वर्षांची होती. आबांना गार वाटले की तिलाही बरे वाटे. मग ती तेथूनच कळशी भरून घेई आणि दोघे घरी येत.

१९८४ च्या वैशाखात आत्याच्या घोट्यावर फोड आला.

गावात एक म्हातारी नारू काढण्यात तरबेज होती. तिने काडी लावली. रोज बोटभर निघे. दहाव्या की अकराव्या दिवशी आत्या परसात घसरली आणि नारू आत तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत तीन दिवस गेले. जीव वाचला, घोटा गेला. तिच्या सोयरिकीचे बोलणे पुढच्या वर्षी एका घरी चालू होते. ते लोक आले, चहा प्याले, तिला चालताना पाहिले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. नंतर दुसरेही कोणी आले नाही. आजोबा यावर कधी काही बोलले नाहीत. नशीब म्हणत.

त्याच सुमारास, १९८३-८४ मध्ये, सरकारने नारूच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. तेव्हा देशात वर्षाला सुमारे चाळीस हजार रुग्ण सापडत, आणि ते ज्या मोजक्या राज्यांत सापडत त्यांत महाराष्ट्र होता. पण कार्यक्रम दिल्लीत आखला जातो आणि गावात पायी येतो. आमच्या गावात तो एका परिचारिकेच्या पायांनी आला. तिला सारे नर्सबाई म्हणत. उपकेंद्र पाच मैलांवर, एस. टी. दिवसातून एकदा. ती आठवड्याला यावयाची, घरोघर विचारावयाची, ज्याच्या पायाला फोड असेल त्याची जखम धुऊन पट्टी बांधावयाची आणि एकच वाक्य सांगावयाची : "पाण्यात उतरू नका, आणि पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिऊ नका." लोक हो म्हणत आणि उतरत. सरकारने एक हातपंप बसविला होता, दलित वस्तीच्या कडेला. त्याचे पाणी मचूळ लागे, डाळ शिजत नाही म्हणून बायका नावे ठेवीत. आणि खरे कारण कोणी बोलत नसे, की तो पंप त्या वस्तीला लागून होता.

१९८६ च्या उन्हाळ्यातली एक सकाळ मला आठवते. नर्सबाई आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. आजोबा म्हणाले, "बाई, आमच्या बापजाद्यांनी याच बारवेचं पाणी पिऊन दिवस काढले. तुम्हाला त्यात किडे कुठं दिसले?" त्यांनी वाद घातला नाही. आमच्याच माठातले पाणी काचेच्या पेल्यात घेतले, उन्हात धरले आणि पिशवीतून एक भिंग काढून आजोबांच्या हाती दिले. आजोबांनी बराच वेळ पाहिले. मग मला दाखविले. पाण्यात पांढरे ठिपके होते आणि ते आपल्या मनाने झटके देत इकडून तिकडे जात होते. मग त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून दुसऱ्या पेल्यावर बांधला आणि ते पाणी त्यातून ओतले. पुन्हा भिंग. ठिपके नव्हते.

नंतर त्यांनी सगळे समजावून सांगितले. फोड, पाणी, पिल्ले, पिसू, पोट. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण पाऊस, पेरणी आणि गाभण जनावर यांचा हिशोब ते तिथीने करीत. त्यांनी विचारले, "पाणी पोटात गेल्यावर किती दिवसांनी उठतो?"

"वर्षभरानं, आबा."

आजोबा गप्प झाले. आत्या आत जात्यावर बसली होती. जात्याची घरघर थांबली, तेव्हा तिनेही ऐकले असावे. आजोबांनी बोटांची पेरे मोजली. मोजण्यासारखे काही नव्हते. वैशाख ते वैशाख. मग म्हणाले, "बाई, त्या साली पाय पाण्यात घालून मी तिथं बसत होतो. पोर मला धरून न्यायची."

नर्सबाईंना आत्याचा पाय ठाऊक होता. त्या म्हणाल्या, "आबा, त्या साली गावात कितीतरी जणांना नारू होता. सगळेच उतरत होते. कुणाच्या पायातला कुणाच्या पोटात गेला, हे कोणी सांगू शकत नाही."

"माझाही त्यात होताच ना," आजोबा म्हणाले.

आत्याने मला गेल्या वर्षी सांगितले की त्या रात्री आबा जेवले नाहीत. सकाळी तिच्याशी काही बोलावयास आले आणि न बोलता अंगणात गेले. तिने त्यांना कधी दोष दिला नाही. ती म्हणाली, "त्यांना काय ठाऊक होतं? आग होत होती, पाय पाण्यात घातला. मी असते तरी तेच केलं असतं." पण आजोबा पुन्हा नशीब म्हणाले नाहीत. मला वाटते, त्या दिवसापर्यंत आत्याचा पाय देवाने नेला होता. त्या दिवसापासून तो पाण्याने नेला. देवापुढे माणूस हात जोडतो. पाण्याला मात्र बांध घालता येतो.

बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा आणि रहाट करावा, म्हणजे कोणाला पाण्यात उतरताच येणार नाही, ही सूचना आरोग्य खात्याची होती. देशभर अशा पायविहिरींचे असेच केले जात होते. गावात मोठा गहजब झाला. देवकोष्ठातल्या गणपतीला पाणी कोण घालील? गुरांनी कोठे जावे? पूर्वजांच्या वास्तूचे तोंड बंद करणे म्हणजे अपशकुन. आणि दबक्या आवाजात आणखी एक बोलणे : रहाट झाला की तो कोणीही ओढणार. दोन सभा उधळल्या. तिसऱ्या सभेत आजोबा उठले. त्यांना भाषण येत नव्हते. त्यांनी फक्त एवढेच सांगितले की १९८३ साली पाय पाण्यात घालून बसणारा मी, आणि पुढच्या साली ज्या पोरीचा पाय गेला ती माझी. मग ते खाली बसले. ज्यांच्या घरी तसेच वैशाख होऊन गेले होते ते सारे आपापली बोटे मोजत असावेत, असे त्या सभेत बसलेले एक गृहस्थ मला पुढे म्हणाले.

१९८७ च्या उन्हाळ्यात भिंत झाली. पहिला दगड आजोबांनी ठेवला. रहाट बसला. पहिले काही दिवस दोन पोहरे वेगळे ठेवण्याचा प्रयत्न झाला. मग दोर तुटला, एकच उरला, आणि तोच सगळ्यांनी ओढला. पाण्यात औषध टाकणारे लोक दर उन्हाळ्यात येत. नर्सबाई दर आठवड्याला येत राहिल्या. एक उन्हाळा असा आला की गावात एकाही पायाला पट्टी नव्हती. पुढचाही तसाच गेला. कोणी गुलाल उधळला नाही. रोग आला की गाव हादरते. गेला की गावाला कळतही नाही.

देशातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षे वाट पाहून, शोध घेऊन, फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ साली जगात वर्षाला सुमारे पस्तीस लाख माणसांना नारू होत असावा असा अंदाज होता; २०२४ साली साऱ्या जगात माणसांतले रुग्ण अवघे १५ नोंदले गेले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी या कामाला उत्तरायुष्यातली अनेक वर्षे दिली. शेवटचा नारू आपल्या आधी मरावा अशी त्यांची इच्छा होती. २०२४ च्या डिसेंबरात वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. नारू थोडा उरला. आफ्रिकेत तो कुत्र्यांतही सापडू लागल्याने काम लांबले आहे. देवी गेली ती लशीने. नारूवर आजही लस नाही, त्याला मारणारे औषध नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असेही नाही. तो हटला तो दुपदरी फडक्याने, पट्टीने, रहाटाने आणि दारोदार तेच वाक्य शंभर वेळा सांगणाऱ्या माणसांच्या पायांनी.

पुतणीला मी एवढेच म्हटले, की तुझ्या पुस्तकात फेदचेन्को आहे, असावाच. पण त्याच्या सूक्ष्मदर्शकापासून आपल्या माठापर्यंत यावयास त्या ज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि शेवटचे पाच मैल ते तुझ्या पेशातल्या एका बाईच्या पिशवीतून आले. ती पिशवी उद्या तुझ्या खांद्यावर येणार आहे. नर्सबाईंची पुढे बदली झाली. त्या कोठे गेल्या हे आम्ही कोणी विचारले नाही, याची मला आज खंत वाटते.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी आम्ही सारे बारवेवर गेलो. पाडलेल्या भिंतीचे दगड एका बाजूला रचून ठेवले होते. बारव सुंदर दिसत होती, यात शंका नाही. घराघरात आता नळ आहेत. बारवेचे पाणी कोणी पीत नाही. भिंत गेली तरी आता तिच्याअभावी कोणाचे काही बिघडणार नाही. मुलांनी केले ते वाईट केले असे मी म्हणणार नाही. ज्या भिंतीने आपले काम पुरे केले ती गेली तर जावो. फक्त ती अज्ञानाने बांधली असे कोणी म्हणू नये.

आत्या चाळीस वर्षांनी त्या पायऱ्यांशी आली होती. खाली उतरली नाही; वरच्या पायरीवर बसली आणि पुतणीच्या हातून एक पणती खाली लावावयास दिली. लहान पोरे पार तळाशी गेली होती आणि पाण्यात पाय सोडून दिव्यांची प्रतिबिंबे हलवीत होती. आत्या एकदम ओरडली, "ए पोरांनो, पाण्यातून पाय काढा आधी!"

पोरांनी पाय काढले. मग एकाने वर पाहून विचारले, "का, आजी?"

नव्या फलकावर मी त्याचेच उत्तर लिहिणार आहे.